एक जूनची लेकरं

पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं तीन कोसांवर आमची वाडी. या वाडीत दिवाळीला जन्मलेलं पोर, शिमग्याला जन्मलेलं पोर, ऐन सुगीत बांधावर जन्मलेलं पोर, सगळी एक जूनची. शाळेचं रजिस्टर उघडा आणि बोट लावून खाली खाली या: एक जून, एक जून, एक जून. परक्या माणसाला वाटावं, इथल्या बायका काय ठरवून बाळंत होतात की काय! तसं काही नव्हतं, बाबांनो. आईबापाला तारीख ठाऊक नसायची आणि शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून एक जून.

साल कोणतं लिहायचं ते गुरुजी ठरवायचे. पोराला समोर उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचा. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. आठ वर्षांच्या पोराचाही हात कानाला लागतो, दहा वर्षांच्याही लागतो. पण लिहायचं सहाच. यात गुरुजींची एक मेख होती. वय जितकं कमी लिहू तितकी पुढं सरकारी नोकरी जास्त वर्षं चालेल. मराठवाड्यात हे शहाणपण ज्या गुरुजीला नाही तो गुरुजीच कसला!

तातेराव गुरुजींना हे शहाणपण जरा जास्तच होतं, कारण त्यांना खरंच वाटायचं की वाडीतलं प्रत्येक पोर नोकरीला लागणार. माणूस वाडीचाच, बौद्धवाड्यातला. भिवाचा थोरला. घराण्यात पहिला शिकलेला, पहिला पगारदार, आणि आधी दोन वर्षं कुलूप पडलेली शाळा उघडणारा एकुलता एक मास्तर. एकसष्ट पोरं, एक खोली, एक लिंबाचं झाड. मुख्याध्यापक तेच, शिपाई तेच.

एकोणीसशे सहासष्टच्या जूनमध्ये धुळाजी धनगर आपल्या पोरीला घेऊन आला. खरं तर तो मेंढरांच्या लसीबद्दल कुठं अर्ज करायचा ते विचारायला आला होता. पोरगी नुसती मागं आली होती. कडूबाई तिचं नाव. आधीची दोन लेकरं गेली म्हणून दृष्ट लागू नये असं कडू नाव ठेवलेलं. पोरगी चांगली उंच, हातात काठी. गुरुजींनी अर्ज लिहून दिला आणि बदल्यात पोरगी मागून घेतली.

"घ्या न्‌ मंग," धुळाजी म्हणाला. "पर मेंढरं बसल्यावर यील ती. आन्‌ वय काय लिवता?"

"सहा."

"सहा? आवो, नव सरलेत तिला!"

"असू दे. उद्या नोकरीला लागली तर तीन वर्षं जास्त मिळतील."

धुळाजी पोट धरून हसला. "पोरीला नौकरी? कशाची, मेंढ्यांची का?"

गुरुजीही हसले आणि त्यांनी आपल्या सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: एक जून एकोणीसशे साठ. आकड्यात लिहिलं, अक्षरातही लिहिलं. अक्षरात लिहिलं की नंतर कुणाला खाडाखोड करता येत नाही.

आता कडूबाई शाळेत काय शिकली म्हणाल, तर पाच वर्षं काही नाही. यायची, भिंतीला टेकून बसायची, खिडकीतून माळाकडं पाहायची. दुधाच्या भुकटीचं दूध मिळायचं ते प्यायची. पाढे म्हणताना तोंड हलवायची, आवाज काढायची नाही. गुरुजींनी मारलं असतं तर तिनं मार खाल्ला असता, तोही मुकाट. पण गुरुजी मारणाऱ्यांतले नव्हते. एकदा त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं, "कडू, तुला मोठेपणी काय व्हायचंय?"

ती त्यांच्याकडं बघतच राहिली. असा प्रश्न असतो हेच तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, "काय व्हायचं असतं?"

हा उलटा प्रश्न गुरुजींना फार लागला. चूक तिची नव्हती. जिनं जन्मात धनगर, कुणबी, पाटील आणि गुरुजी एवढीच माणसं पाहिली, ती काय होणार म्हणून सांगणार? मग त्यांनी एक रीत सुरू केली. दर शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या शाळेत, एका कामाच्या माणसाला वाडीत बोलवायचं. त्यानं आपली हत्यारं आणायची, काम करून दाखवायचं, पोरांनी हात लावून पाहायचं. पोस्टमन आला, तारखात्याचा माणूस खांबावर चढून दाखवून गेला, गुरांचा डॉक्टर आला, बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रातला एक साहेब बियाणांच्या पुड्या घेऊन आला. भोकरदनचे अधिकारी म्हणायचे, "तातेराव, हे कुठल्या अभ्यासक्रमात आहे?" गुरुजी म्हणायचे, "साहेब, ज्याला गावाला जायचंय हेच माहीत नाही, तो मोटारीत कशाला बसेल?"

आणि एका शनिवारी गिरिजाबाई सिस्टर आल्या.

पांढरी साडी, खांद्याला पेटी. त्यांनी पोरांचे ताप बघितले, खरूज बघितली, एका पोराच्या पायातला काटा काढून पट्टी बांधली. मग मनगटातलं घड्याळ काढून म्हणाल्या, "नाडी कोण मोजतंय?" पोरं लाजून एकमेकांच्या मागं दडली. भिंतीची कडूबाई उठली. सिस्टरांनी तिची बोटं आपल्या मनगटावर ठेवली. कडूबाईनं डोळे मिटले, मिनिट झाल्याचं सिस्टरांनी सांगितल्यावर उघडले आणि म्हणाली, "चौऱ्याहत्तर." सिस्टरांनी स्वतः मोजलं. चौऱ्याहत्तर.

"तुला कसं गं जमलं?"

"मेंढरू आजारी पडलं की मांडीपाशी धरून बघते मी," कडूबाई म्हणाली. "माणसाची मेंढरापरीस सोपीये."

त्या दिवसापासून पोरगी बदलली. बदलली म्हणजे किती! अपूर्णांकाशी तिचं सात जन्मांचं वैर. गुरुजींनी ओळखलं की घोडं कुठं पेंड खातंय आणि फळ्यावरचे आंबे-चिक्कू पुसून टाकले. "अर्धी गोळी, दिवसातून तीन वेळा, पाच दिवस. गोळ्या किती?" "साडेसात," कडूबाई म्हणाली, फळ्याकडं न बघता. मग गुरुजींनी तिच्या हाती शाळेची औषधाची पेटी दिली. आयोडीन, कापूस, पट्ट्या. वाडीत कुणाचं बोट कापलं की आता शाळेत यायला लागले. कडूबाई वहीत लिहायची: नाव, जखम, काय लावलं. चुकतमाकत लिहायची, पण लिहायची.

बहात्तरच्या दुष्काळात सगळी वाडी खडी फोडायला गेली, तिचंही वर्ष बुडालं. गुरुजी दुपारी रस्त्याच्या कामावर जायचे, तिला तासभर शिकवायचे. तिथं एका बाईचं बोट दगडाखाली चेचलं, तेव्हा कडूबाईनं लुगड्याचा काठ फाडून असं आवळून बांधलं की भोकरदनच्या डॉक्टरनं विचारलं, हे कुणी बांधलं? गुरुजी ही गोष्ट ज्याला त्याला सांगत सुटले. खरं सांगायचं तर स्वतःच्या मुलांबद्दलही हा माणूस एवढं बोलला नसेल.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात कडूबाई सातवी पास झाली. सातवी पास मुलींना जिल्ह्याच्या गावी नर्सचं शिक्षण मिळत होतं. राहणं-जेवण सरकारी, शिकून झालं की नोकरी. गिरिजाबाईंनीच फॉर्म आणून दिला.

पण धुळाजीच्या घरी आधीच पाहुणे येऊन गेले होते. वाटूरकडचा रायभान. मेंढरं दोनशे, बायको मागच्या साली वारलेली, पदरात दोन लेकरं. धुळाजीनं गुरुजींना बांधावर गाठलं.

"गुरुजी, पोरीला आता साडेसतरा झाले. जातीतले लोक माह्या तोंडात शेण घालून राह्यले. तुमी म्हणता म्हून थांबलो. पर किती थांबू?"

"फक्त मुलाखतीपर्यंत थांबा, धुळाजीभाऊ. जूनच्या सहा तारखेला आहे. तिथं घेतली तर तुम्ही रायभानला नाही म्हणा."

"आन्‌ न्हाई घेतली तर?"

"घेतील. मी सांगतो ना."

धुळाजीनं थोडा विचार केला. साधा माणूस, पण शब्दाचा पक्का. म्हणाला, "बराबर. घेतली तर सोयरीक मोडली. न्हाई घेतली तर आषाढ लागायच्या आत लगीन. मंग तुमी मधी बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार," गुरुजी म्हणाले.

मेच्या सुट्टीत, भर दुपारी, गुरुजी शाळेचं कुलूप काढून दाखला लिहायला बसले. फॉर्मवर छापलेलं होतं: उमेदवाराचं वय एक जुलै रोजी सतरा वर्षं पूर्ण असावं. साडेसतरा आहे, म्हणजे प्रश्नच नव्हता. त्यांनी रजिस्टर उघडलं, पान काढलं, नावावर बोट ठेवून आडवं सरकवलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

एक जून एकोणीसशे साठ. स्वतःचंच अक्षर.

कागदावर कडूबाई चौदा वर्षांची होती.

गुरुजी किती वेळ तसे बसले देव जाणे. मग उठले, पाणी प्यायले, परत येऊन बघितलं, जणू पाणी पिऊन आल्यावर साल बदलणार होतं! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. पण या माणसानं गणपतीच करायला घेतला होता हो. ही पोरगी नोकरीला लागेल असा विश्वास वाडीत एकट्या त्यांनाच होता, आणि त्या विश्वासापोटीच त्यांनी तिची तीन वर्षं खाल्ली होती.

खाडाखोड करावी हे मनात आलं. सहाचा पाच, शून्याचा सात वळवता आला असता. पण शेजारी अक्षरात 'साठ' होतं. आपल्या हुशारीवर त्यांना त्या दुपारी थुंकावंसं वाटलं.

ते तसेच उठून धुळाजीच्या घरी गेले. धुळाजी माळावर होता. त्याची बायको जयवंताबाई ओसरीवर घोंगडीची लोकर निवडत होती.

"जयवंताबाई, कडू कधी झाली ते काही आठवतं? साल, महिना?"

जयवंताबाईचा हात थांबला. ती थोडी ओशाळली. "आठवतं की. पर तुमाला कसं सांगू, गुरुजी?"

"सांगा."

"आमचा पांढऱ्या बैल मेल्ता बघा. मी आत बाळंतीण, चौथा दिस. ह्ये तुमच्या वडलाकडं गेल्ते बैल वढायला बोलवायला. तुमचं वडील म्हणले, आता आमी त्ये काम सोडलं, आमी धर्म घेतला. मंग तीन दिस बैल दारातच. मला आत वास यायचा, पोरीला पदरात झाकून बसल्ते मी. शेवटाला ह्यांनीच वढला, दोन भाऊ मिळून." ती जरा हसली. "राग न्हाई बरं का. तुमचं बी बराबर व्हतं. पर म्हून ध्यानात हाये."

गुरुजींच्या ध्यानात तर ती सकाळ लख्ख होती. ते तेव्हा वीस वर्षांचे होते. बाप दारात उभा, हात जोडलेले, आवाज कापत होता, पण शब्द ढळला नाही. छप्पनचा मार्गशीर्ष. आयुष्यात याहून पक्की तारीख त्यांच्याकडं दुसरी नव्हती. आणि ही तारीख कुठल्या कचेरीत चालणार होती? बैल मेल्याचा दाखला कोण देतो? पाटलाच्या दप्तरात त्या सालच्या जन्मांची चार नावं होती, चारही मुलगे. पोरींची नोंद करायला कोण जातंय!

भोकरदनला कारकुनानं हात झटकले. "शाळेचा दाखला तो दाखला. जन्मतारीख दुरुस्त करायची तर शिक्षण खात्याकडं अर्ज करा, पुरावा जोडा. सहा महिने धरा, वर्ष धरा." गुरुजी तरी थांबले नाहीत. फॉर्मला दाखला जोडला, सोबत एक लांबलचक अर्ज जोडला, की मुलीचं खरं वय सतरा असून नोंदीत फरक आहे, तरी समक्ष पाहून निर्णय व्हावा. 'फरक आहे' असं लिहिलं. कुणी केला ते लिहिलं नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं. सहा जूनला पहाटेच्या एस.टी.नं तिघं निघाले: गुरुजी, धुळाजी आणि नवं पातळ नेसलेली कडूबाई. वयाची गोष्ट गुरुजींनी तिला सांगून ठेवली होती, धुळाजीला नाही. वाटेत ती सारखी ओठातल्या ओठात घोकत होती. देवी, गोवर, घटसर्प, धनुर्वात.

दवाखान्याच्या व्हरांड्यात चाळीसेक मुली. धुळाजी बाहेर झाडाखाली बसला. कडूबाईचं नाव पुकारलं तेव्हा गुरुजी अर्जाची नक्कल घेऊन तिच्यासोबत आत गेले.

टेबलामागं मेट्रनबाई होत्या, केस पिकलेल्या, चष्मा दोरीला अडकवलेला. शेजारी एक डॉक्टर. बाईंनी प्रश्न विचारले. कडूबाईनं उत्तरं दिली, आधी घाबरत, मग सरळ. तिच्यापुढं रबरी बाहुली ठेवून डोक्याला पट्टी बांधायला सांगितली. तिनं बांधली. मेट्रनबाईंनी पट्टी ओढून पाहिली, ती हलली नाही. त्यांनी डॉक्टरकडं पाहिलं.

मग बाईंनी दाखला उचलला.

"चौदा?"

गुरुजी पुढं होऊन बोलू लागले. बाईंनी हातानं थांबवलं. डॉक्टरनं कडूबाईला तोंड उघडायला सांगितलं, दाढा पाहिल्या, मनगटाची हाडं पाहिली. "सतरा-अठरा," तो म्हणाला. "चौदा बिलकुल नाही."

"हे अक्षर कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"माझं."

"म्हणजे मुख्याध्यापकही तुम्ही आणि तारीख लिहिणारेही तुम्हीच. बरं झालं. आता ऐका. मुलगी मला हवी आहे. पण दाखल्यावर चौदा असताना मी तिला घेतली तर उद्या माझ्यावर येईल. तुम्ही इथं बसून लिहून द्या, की मुलगी नऊ वर्षांची आहे हे माहीत असताना मी सहा लिहिलं. डॉक्टरांचं मत मी त्याला जोडते आणि हिला आजच दाखल करून घेते. तुमचं पत्र शिक्षण खात्याकडं जाईल."

"चुकून लिहिलं गेलं, असं लिहितो."

"चुकून नाही, गुरुजी." बाईंचा आवाज चढला नाही. "मी दरवर्षी इथं बसते. तुमच्या भागातलं निम्मं जग एक जूनला जन्मतं. जे केलंत ते लिहा."

बाईंनी कोरा कागद पुढं सरकवला. गुरुजी खुर्चीवर बसले. खिशातलं पेन काढलं. लिहिलं: 'मी, तातेराव भिवाजी, मुख्याध्यापक, लिहून देतो की'.

आणि थांबले.

पुढं काय होणार ते त्यांना स्वच्छ दिसलं. पत्र खात्यात जाणार. चौकशी लागणार. रजिस्टर जप्त होणार, पान न्‌ पान तपासलं जाणार. त्यांच्या हातच्या तारखांवर नोकरीला लागलेली वाडीतली चार पोरं होती: एक पोलिसात, एक तारखात्यात, दोघं मास्तर. त्यांचं काय? आपण निलंबित झालो तर शाळेला पुन्हा कुलूप पडणार, त्या एकसष्ट पोरांचं काय? असं सगळं पुढं अनेक वर्षं गुरुजी स्वतःला सांगत आले. पण खोटं कशाला बोला. त्या क्षणी त्यांना यातलं काही दिसलं नाही. दिसली ती चार माणसांत खाली घातलेली स्वतःची मान. भिवाचं पोर शिकलं आणि खोटे कागद करून नोकरीतून गेलं, असं पाटलाच्या ओट्यावर कुणीतरी म्हणतंय, हे ऐकू आलं. बापानं ज्या दारात उभं राहून नाही म्हटलं, त्या दारात आपण हे तोंड घेऊन जायचं? घाबरला हो तो माणूस. भला होता, कष्टाळू होता, आणि घाबरला.

कडूबाई टेबलाच्या कडेला उभी होती. तिला वाचता येत होतं. त्यांनीच शिकवलं होतं. ती कागदाकडं पाहत होती.

"मॅडम," गुरुजी म्हणाले, "मी विचार करून कळवतो."

"मुलाखती आज संपतात."

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. मेट्रनबाईंनी त्यांच्याकडं एकदा नीट पाहिलं, अर्धवट लिहिलेला कागद चार घड्या करून टोपलीत टाकला आणि पुढचं नाव पुकारलं. पुढची मुलगी आत आली. ती कडूबाईपेक्षा बुटकी होती आणि तिच्याकडं खरा दाखला होता.

बाहेर धुळाजी झाडाखालून उठला. त्याचा चेहरा बघून गुरुजींना जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं, कारण तो चेहरा आनंदायच्या तयारीत होता. सोयरीक मोडायला निघालेला बाप होता तो, खरं सांगतो. चाळीस मुलींमध्ये आपली पोरगी बसलेली पाहून त्याचं मन फिरलं होतं.

"घेतली ना?" त्यानं विचारलं.

गुरुजींनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी कडूबाई बोलली.

"नापास झाले, बा."

"आं?"

"मला कायबी आलं न्हाई. बाईनं इच्यारलं, म्या नुसतीच हुबी. पट्टी बी सुटली."

धुळाजीनं गुरुजींकडं पाहिलं. आता, आता बोलायचं होतं. एवढा एक क्षण होता. गुरुजींनी खाली पाहिलं, आणि धुळाजीला वाटलं, गुरुजींना पोरीची लाज वाटून राह्यली.

"जाऊ द्या, गुरुजी," तो म्हणाला. त्यानं गुरुजींच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी लई केलं. आमच्याच पोरीचं डोकं न्हाई, त्याला तुमी काय करणार?"

परतीच्या मोटारीत कडूबाई मागच्या बाकावर बसली. बदनापूरला मोटार थांबली तेव्हा धुळाजी पाणी प्यायला खाली उतरला. गुरुजी मागच्या बाकाकडं वळले.

"कडू, तू खोटं का सांगितलंस?"

ती खिडकीतून बाहेर पाहत होती. "बा तुमच्यावर चिडले असते. मंग वाडीतल्या कुणी पोरी शाळंत घातल्या असत्या का? माही धाकली बहीन तिसरीत हाये."

गुरुजी म्हणाले, "मी पुढच्या वर्षी तारीख दुरुस्त करून आणतो. अर्ज करतो. सगळं लिहितो."

"पुढल्या साली म्या वाटूरला असंन, गुरुजी." तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "तुमी मला इच्यारायलाच नको व्हतं."

"काय?"

"काय व्हायचंय म्हून. मला कायबी व्हायचं नव्हतं. मेंढरात बरी व्हते मी. आता मेंढरात बी मन लागत न्हाई."

धुळाजी वर चढला. कंडक्टरनं घंटी मारली.

आठव्या दिवशी लग्न झालं. धुळाजीच्या दारात मांडव, डफ, सनई. वाटूरकडची माणसं दोन ट्रक भरून आली होती. गुरुजींनी न जायचं ठरवलं होतं. पण धुळाजी स्वतः बोलवायला आला आणि हाताला धरून घेऊन गेला.

वाडीच्या इतिहासात बौद्धवाड्यातला माणूस धनगराच्या मांडवात पुढच्या सतरंजीवर कधी बसला नव्हता. धुळाजीनं त्यांना पुढच्या सतरंजीवर बसवलं. वाटूरकडच्या एका म्हाताऱ्यानं भुवया चढवल्या, काहीतरी पुटपुटला. धुळाजी त्याच्यावर असा गरजला की सनईवाला थांबला.

"गुरुजी हायेत त्ये! माह्या पोरीसाठी जिल्ह्याच्या गावाला खेटे घातले त्यांनी. पोटच्या पोरीगत शिकवली. पोरगी नापास झाली तवा माह्याआधी त्यांची मान खाली गेली. असा मानूस दाखवा मला तुमच्यात."

धुळाजीनं ताटातला गुलाबी फेटा उचलला. असा फेटा जावयाच्या बापाला बांधतात, मामाला बांधतात. मांडवातली सगळी माणसं बघत होती; मागं, मांडवाबाहेर, बौद्धवाड्यातलीही चार माणसं उभी होती आणि त्यांचे चेहरे अभिमानानं फुलले होते. म्हातारा भिवा त्यांच्यात होता. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

पाटावर कडूबाई बसली होती, बाशिंग बांधलेली. तिनं वर पाहिलं नाही.

सांगून टाकावं, असं गुरुजींच्या मनात दोनदा आलं. आत्ता उठावं आणि म्हणावं, पोरगी नापास झाली नाही, धुळाजीभाऊ, नापास मी झालो. पहिल्यांदा आलं तेव्हा सनई पुन्हा सुरू झाली. दुसऱ्यांदा आलं तेव्हा धुळाजी फेट्याचं टोक दातात धरून समोर उभा होता, हसत होता, आणि म्हणत होता, "मान जरा हिकडं करा, गुरुजी."

गुरुजींनी मान पुढं केली.